नावेची बेंबी

"त्या दिवशी इंजिन कुणी सुरू केलं?"

तेन्रीनं हे विचारलं तेव्हा आजोबांच्या हातात माशाचं डोकं होतं आणि हाजी मुस्तारींच्या तोंडात भात होता. तिची आई राबिया आंबट कालवणाचं पातेलं घेऊन पाहुण्याच्या ताटलीवर वाकली होती. ती वाकलेलीच राहिली. कालवण ताटलीतून ओसंडलं, चटईवर आलं, चटईवरून डेकच्या फळ्यांच्या फटीत गेलं, तरी कुणी "अगं बाई" म्हणेना.

खरं तर प्रश्न तेन्रीचा नव्हताच, तिच्या मैत्रिणींचा होता. गुरुवारी शाळेमागच्या भिंतीवर बसून तिघी मीठ-मिरची लावलेली कैरी खात होत्या, तेव्हा फित्री म्हणाली होती, "तुमच्या घरात सगळे एकच वाक्य पाठ केल्यासारखे बोलतात बघ. 'इंजिन आपोआप सुरू झालं.' माझ्या मामाची मोटरसायकल दहा लाथा खाल्ल्याशिवाय हूं म्हणत नाही, आणि तुमचं इंजिन आपोआप?"

"विचारून दाखव की," मेल्दानं लगेच तेल ओतलं. "सगळे बसलेले असताना. वक्तृत्वाची ढाल आणलीस ना मोठी? की मास्तरांनी लिहून दिलं तरच तोंड उघडतं?"

"विचारीन. त्यात काय!" तेन्री म्हणाली होती.

त्यात काय, हे तिचं गेल्या महिन्याभरातलं आवडतं वाक्य. जिल्ह्याच्या स्पर्धेत चारशे माणसांपुढं उभं राहून ती बोलली होती, आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा आपल्या आवाजानं कुठलंही दार उघडतं, असं तिला वाटू लागलं होतं. शिवाय तिचा एक हिशेबही होता. बाबांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की इंजिन नादुरुस्त होतं आणि माझा दोष नव्हता, की मुर्नीकाकीच्या मनातली अढी जाईल. काकी बाबांशी बोलायला लागेल, बाबा पुन्हा माणसात येतील, आणि मग ही नाव, 'बुंगा लाउत', विकायचं कारणच उरणार नाही. याच नावेवर, मागच्या खोलीत, भरतीच्या वेळी तेन्री जन्मली होती. ही नाव विकायची म्हणजे आपला एखादा अवयव विकायला काढल्यासारखं तिला वाटत होतं.

पण बाबांनी भाताचा घास ताटलीत परत ठेवला.

"तेन्री," आई म्हणाली. "खाली जा."

"का? मी फक्त विचारलं..."

"राहू दे तिला," मुर्नीकाकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. दोन वर्षांत ती आज पहिल्यांदा नावेवर चढली होती. तिचा नवरा, इद्रुसकाका, गेला त्या दिवशी ती उतरली ती बंदराच्या चढावरच्या एका खोलीत जाऊन राहिली. तिथं ती लोकांचे कपडे शिवायची, आणि सोमवार ते शुक्रवार तेन्री शाळेसाठी तिच्याकडंच असायची. आजही ती आली ती केवळ हाजी मुस्तारींच्या हट्टापायी. घेणारा दुसरा कुणी असता, तर कागदावर सह्या करून भागलं असतं. मुस्तारी पडले बिराचे, नावा बांधणाऱ्यांच्या गावचे. नाव पहिल्यांदा पाण्यात ढकलतात त्या दिवशी मोठा मिस्त्री तिच्या कण्याच्या मध्यावर गिरमिटानं भोक पाडतो. ती नावेची बेंबी. भोक लगेच बुजवतात, पण त्यातून निघालेला भुसा मालकाच्या घरी राहतो. भुसा ज्याच्या हाती, नाव त्याची. गेल्या वर्षी बंदरातल्या दवाखान्यात मरताना आजीनं तो आपल्या सर्वांत नव्या सुनेच्या ओटीत घातला होता, आणि पिवळ्या फडक्यात बांधलेली ती सुपारीएवढी पुरचुंडी आत्ता मुर्नीकाकीच्या मांडीवर होती.

"पोरीनं विचारलं ते मी दोन वर्षं विचारतेय," काकी म्हणाली. "मला कुणी उत्तर दिलं नाही. निदान तिला द्या. बोला दाएंग."

थोरल्या दिराला ती पहिल्यापासून दाएंग म्हणायची. आज त्या शब्दात मान तेवढा शिल्लक होता, माया नव्हती.

"मी," बाबा म्हणाले.

"काय, मी?"

"मी सुरू केलं."

आजोबांनी डोळे मिटले. त्यांना तसंही आता अंधुकच दिसायचं. दोन वर्षं पाठ केलेलं वाक्य एका शब्दानं मोडलं होतं, आणि तो शब्द तिनंच काढायला लावला होता.

"बरं झालं," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आता पुढचं. तो नावेखाली, इंजिनाच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापत होता. तुम्हाला माहीत होतं. मग का?"

"नांगर घसरत होता. मागं गोऱ्या पाहुण्यांची नाव होती, आदळलो असतो. घाई झाली. बघितलं नाही."

"तुम्ही? तुम्ही बघितलं नाही?" काकी हसली, आणि ते हसू बघवेना. "मला बघायला आलात तेव्हा आमच्या शिडीची तिसरी पायरी कुजलीय हे माझ्या बापाला तुम्ही सांगितलंत. घरात पाऊल टाकायच्या आधी! तो माणूस चावी फिरवायच्या आधी बघत नाही? नवी आहे म्हणून काहीही खपवाल, दाएंग, पण मी आता नवी राहिले नाही. तुम्ही काहीतरी झाकताय. कुणाला तरी झाकताय."

"मुर्नी, पुरे," आजोबा म्हणाले. "पाहुणे बसलेत."

"पाहुण्यांनाही कळू दे काय विकत घेतायत ते."

हाजी मुस्तारींनी शांतपणे हात धुतले. माणूस जाडजूड, पण उठताना फळीसुद्धा वाजली नाही. "मी उद्या सकाळच्या नमाजानंतर येतो," ते म्हणाले. "घरातलं घरात मिटवा. नाव चांगली आहे, मला हवी आहे. पण रुसलेली नाव मी नेत नाही. भुसा हातात पडेल तेव्हाच बोलू." आजोबा त्यांना पोचवायला होडीत उतरले, आणि वल्ह्यांचा आवाज लांब जाईपर्यंत कुणी कुणाकडं बघितलं नाही.

काकी उठली. "उद्या सकाळपर्यंत थांबते," ती बाबांच्या पायांकडं बघत म्हणाली. "खरं सांगा, हा भुसा मी माझ्या हातानं हाजींना देईन. नाहीतर वर डोंगरात, एनरेकांगला माहेरी जाईन आणि कांद्याच्या वाफ्यात पुरेन. मग बसा इथंच, सडत."

ती नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली. होडी गेलेली, त्यामुळं जायला दुसरी जागाही नव्हती.

आईनं भांडी गोळा केली. तेन्री मदतीला गेली तशी तिनं तिच्या हातातून ताटली हिसकावून घेतली. "समाधान झालं? आता त्या दोन भवान्यांना जाऊन सांग."

"पण आई, कधीतरी कुणीतरी..."

"हो, कुणीतरी. तूच का? आणि आजच का?" आईनं आवाज खाली आणला. "तुला काय वाटतं, मी हौसेनं विकतेय? मागच्या महिन्यात पहाटे तुझे बाबा अंथरुणात नव्हते. कुठं सापडले माहितेय? पाण्यात. पंख्याला दोन्ही हातांनी धरून, नावेच्या पोटाखाली. मी उडी मारली, केसाला धरून वर काढलं. विचारलं तर म्हणाले, 'खाली किती वेळ राहता येतं ते बघत होतो.'" तिनं ताटलीतला भात समुद्रात टाकला. "ही नाव गेली नाही तर ते जातील. आता कळलं का कशाशी खेळलीस?"

तेन्रीच्या तोंडून 'त्यात काय' निघालं नाही.

ती सुकाणूच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चाक होतं तसंच होतं; लहानपणी तिनं दातांनी कोरलेली खूणही होती. चाक मोकळं बघायची अजून सवय झाली नव्हती तिला. पूर्वी या नावेवर एक रीत होती. कुणीही नावेखाली उतरला, की आधी अंगावरची लुंगी सोडून चाकावर टांगायचा. चाकावर लुंगी आहे म्हणजे खाली माणूस आहे. कुणी चावीला हात लावायचा नाही. वर आला, की ओल्या अंगानं स्वतःच येऊन स्वतःची लुंगी उचलायची. बाबा, काका, खलाशी सगळे हेच करायचे. ही रीत तेन्रीला कुणी शिकवली नव्हती. तिला ती चालता यायच्या आधीपासून माहीत होती.

काका गेला त्याच आठवड्यात आजोबांनी रीत बदलली. आता खाली जाणाऱ्याच्या गळ्यात चावी अडकवायची. आणि लुंगीचं नाव या नावेवर पुन्हा काढायचं नाही, असंही ते म्हणाले होते. तेव्हा तेन्रीला वाटलं होतं, दुःखानं म्हणतायत.

ऊन कललं तशी ती खोबरेल आणि फणी घेऊन पुढच्या टोकाला गेली. चढावरच्या खोलीत रोज संध्याकाळी काकी तिची वेणी घालायची. आज ती हाकलून देईल असं तेन्रीला वाटलं, पण काकीनं पाय पसरले आणि समोरच्या फळीवर थापटलं.

"रागावलीस?" तेन्रीनं विचारलं.

"तुझ्यावर? छे गं." काकीची बोटं तिच्या केसांत फिरू लागली. "या घरात माझ्या बाजूनं आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. तू उघडलंस. मान सरळ ठेव."

तेन्रीनं मान सरळ ठेवली. समोर बेटं तांबडी होत चालली होती. शेजारच्या नावेवर गोरे पाहुणे एकेक करून पाण्यात उड्या टाकत होते आणि दर उडीला आरडाओरडा करत होते.

"चार महिन्यांचा संसार," काकी म्हणाली. "मला तर समुद्र बघूनच उलटी यायची. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीत असतं, शहाण्यासारखं, जागच्या जागी. सगळं हलतंय तिथं करायचं तरी काय, म्हणून मी आपली धुणं काढून बसायची. तो हसायचा. म्हणायचा, 'अगं, माझ्या अंगावरची कातडी तेवढी धुवायची राहिलीय.'" तिनं केसांचे तीन पदर केले. "एक सांगू? सगळं आठवून आठवून डोकं फुटायची वेळ येते ना, तेव्हा मी एकच गोष्ट मनाशी धरून बसते. त्या दिवशी त्याचे सगळे कपडे मी धुऊन ठेवले होते. एकसुद्धा मळका नव्हता. लुंगी तर ऑइलनं माखलेली होती, गबाळा तिथंच टाकून गेलेला. तीही धुतली. वाळून कडक झाली होती. दोन तासांनी त्याला वर काढल्यावर तुझ्या आजीनं अंगावर घालायला काहीतरी मागितलं, तेव्हा मी दोरीवरची तीच दिली. स्वच्छ लुंगीत गेला गं माझा माणूस. बायको म्हणून तेवढं तरी केलं मी."

तेन्रीच्या मानेवर काकीची बोटं गरम होती. बाकी सगळं अंग गार पडलं होतं.

"कुठं टाकून गेलेला?" तिनं विचारलं. वक्तृत्वाच्या मास्तरांनी शिकवलं होतं, आवाज थरथरला तर पोटातून श्वास घ्यावा. तिनं घेतला.

"कुठं म्हणजे? त्या चाकावर. खुंट्या का नव्हत्या नावेवर?"

"आणि तुला तो काही बोलला नव्हता? लुंगीचं?"

"काय बोलणार? 'माझी लुंगी धू' म्हणून? नवरे सांगतात होय असलं!" आणि काकी हसली. मघाचं हसू नव्हतं हे. खरंखुरं, गळ्यातून आलेलं, बऱ्याच दिवसांनी. "तुझं लग्न झालं की कळेल. न सांगता करावं लागतं सगळं."

"काकी," तेन्री उठली. "मी... आले. एक मिनिट."

"अगं, वेणी अर्धीच झालीय!"

बाबा इंजिनाच्या खोलीत होते. हल्ली ते तिथंच असायचे. इंजिनाला हात लावायचे नाहीत, नुसते समोर उपड्या बालदीवर बसायचे. आई शिडीच्या खालच्या पायरीवर होती. दोघं बोलत असावीत, तेन्रीला बघून थांबली.

"लुंगी दोरीवर वाळत होती," तेन्री म्हणाली.

आईनं आधी वर झाकणाकडं बघितलं, मग उठून ते ओढून घेतलं. खोलीत अंधारलं, डिझेलचा वास दाट झाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. तिला माहीतच नाही ती काय सांगतेय. बाबा, तुम्ही बघितलं होतंत. चाकाकडं बघितलं होतंत ना?"

"दोनदा," बाबा म्हणाले. "दोनदा बघितलं. लुंगी नव्हती. म्हटलं, वर आला असेल, कपडे बदलत असेल. म्हणून फिरवली." त्यांनी तळहात गुडघ्यांवर पुसले. "मग मागच्या दोरीवर ती दिसली. पाणी गळत होतं तिच्यातून."

"तिला कुणीच कसं सांगितलं नव्हतं?"

"आपल्यात सांगतं का कुणी?" आई म्हणाली. "पाणी ओलं असतं हे सांगतं का? सासूला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं इद्रुसनं. पोर डोंगरातली. मळकी लुंगी दिसली, तिनं धुतली."

"हे तिला कळता कामा नये," बाबा म्हणाले. "तेवढंच एक माझ्या हातात आहे. तिनं मला खुनी म्हणावं, चालेल. उद्या मी पुन्हा तेच सांगणार, बघितलं नाही म्हणून."

"तिला पटत नाही ते. बाबा, ती म्हणतेय तुम्ही बघितल्याशिवाय राहणार नाही, आणि ती बरोबर आहे. ती भुसा घेऊन जाईल. नाव राहील. मग तुम्ही..." तेन्रीनं आईकडं बघितलं आणि ते वाक्य सोडून दिलं. तिनं पोटातून श्वास घेतला. भाषणाच्या आधी घ्यायची तसाच, पण इथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. "उद्या सकाळी मी काकीला सांगणार आहे. चावी मी फिरवली."

आईनं तिच्या दंडाला धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. "तोंड सांभाळ."

"मी तेव्हा चौदाची होते. त्या दिवशी मी मागच्या खोलीत झोपले होते, हे तिला कुठं माहितेय? सारखी त्या चाकाशी खेळायची, हे तिलाही माहितेय. ती स्वतःच म्हणाली, तुम्ही कुणाला तरी झाकताय. तुम्ही दोन वर्षं कुणाला झाकाल, बाबा? मलाच ना? तिला एका क्षणात पटेल. लुंगीचा विषयच निघणार नाही."

"ती तुझं तोंड बघणार नाही पुन्हा," बाबा म्हणाले.

"माहितेय."

"माहीत नाही तुला. मी ते दोन वर्षं बघितलंय. ती ओरडत नाही. ती आपण तिथं नसल्यासारखं वागते."

"सामान आणायला सोमवारी आई जाईल," तेन्री म्हणाली. "शाळेची पिशवी शिलाई मशीनखाली आहे. ढालही तिथंच आहे, ती राहू दे."

"नाही!" बाबा उठले. बालदी कलंडून इंजिनावर आपटली. "माझ्या पोरीच्या पाठीमागं लपून मी जगणार नाही. सांगतो मी तिला खरं. आत्ता सांगतो, होऊ दे काय व्हायचं ते."

ते शिडीशी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, हात वर करून झाकण लोटलं. वरून संध्याकाळचा उजेड आला, आणि त्याच्याबरोबर काकीचा आवाज.

"तेन्री! अगं ये की, बोटं तेलकट घेऊन किती वेळ बसू? आणि येताना ती दोरीवरची चादर काढून आण, दवात भिजेल!"

बाबा तसेच उभे राहिले. वर केलेला हात हळूहळू खाली आला. मग पायरीवरचा पायही खाली आला. आईनं तोंडात पदर कोंबला.

तेन्रीच्या अर्ध्या वेणीचे पदर सुटून तिच्या खांद्यावर पसरले होते. तिनं ते एका हातात गोळा केले.

"वेणी घालून येते," ती म्हणाली. "आजची शेवटची आहे. तोवर तुम्ही दोघं ठरवून ठेवा, त्या दिवशी मी कुठं उभी होते, अंगात काय होतं, चावी फिरवल्यावर आधी कोण धावत आलं. सगळं बारीकसारीक सांगा मला. उद्या तिघांच्या तोंडून एकच आलं पाहिजे."